सूर्याचा एक्स-रे, सूर्याचा रेडिओ

सूर्य म्हटलं की आपल्या वसईकरांना काय आठवतं? मे महिन्यातला चिकचिक घाम, मिठागरातले पांढरेशुभ्र ढीग, किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील आणि उन्हात वाळवलेली सुकेळी. सूर्य म्हणजे आपल्यासाठी ऊन पुरवणारा एक गृहस्थ. सकाळी वेळेवर ड्युटीवर हजर आणि संध्याकाळी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मस्तपैकी फोटो देऊन गायब. पण मित्रांनो, हा गृहस्थ दिसतो तितका साधा नाही. ऊन ही त्याची फक्त एक बाजू झाली. तो क्ष-किरण फेकतो आणि रेडिओ लहरीही फेकतो. एरवी हे सगळं संथपणे चालू असतं. पण कधी कधी त्याच्या पृष्ठभागाजवळ एखाद्या ठिकाणी अचानक भडका उडतो आणि काही मिनिटांत दोन्ही प्रकारची किरणं शेकडो-हजारो पटींनी वाढतात. या भडक्याला सौरज्वाला म्हणतात.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. सायन्स सगळं इंग्रजीत, त्यामुळे 'सोलर फ्लेअर' माहीत होतं, 'सौरज्वाला' हा शब्द कॉलेजात आल्यावर भेटला. शब्द झकास आहे, पण तो ऐकून डोळ्यांसमोर चुलीतला जाळ येतो. सौरज्वालेत मात्र काहीही जळत नसतं. तिथे चुंबकीय क्षेत्राच्या रेषा ताणल्या जातात, पिळल्या जातात, शेवटी तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. ताणलेलं रबर सुटल्यावर बोटाला फटका बसतो ना, तसंच. हा फटका सर्वांत आधी बसतो तो इलेक्ट्रॉनना.

आता या लेखाचा प्रश्न: सौरज्वालेतले क्ष-किरण आणि रेडिओ लहरी एकमेकांचे कोण लागतात? सख्खे भाऊ, चुलत भाऊ, की नुसतेच शेजारी? प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. समुद्रात गेलेल्या आपल्या बोटीवरचा जीपीएस नीट चालणार की नाही, याचं उत्तर त्यात दडलेलं आहे.

मार्कलिस्टवरचा एकच आकडा

सौरज्वाला किती मोठी, हे सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. अमेरिकेचे 'गोज' मालिकेतले उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून सूर्याचे क्ष-किरण सतत मोजत असतात. मोजणी १ ते ८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या पट्ट्यात होते. त्यावरून ज्वालेला ग्रेड मिळते: ए, बी, सी, एम आणि एक्स. प्रत्येक ग्रेड आधीच्या ग्रेडच्या दहापट. एक्स १ म्हणजे पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला एक वॅटचा दहा हजारावा भाग. आकडा किरकोळ वाटतो, पण शांत सूर्याच्या तुलनेत ही वाढ हजार पटींहून जास्त असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी एक्स ९ दर्जाची ज्वाला झाली तेव्हा बातम्यांमध्ये झळकला तो हाच आकडा.

पण आपल्याला सगळ्यांनाच अनुभव आहे की पॉइंटर एक असतो आणि विषय अनेक असतात. सात पॉइंटर असलेला मुलगा प्रॅक्टिकलमध्ये वाघ असू शकतो. सौरज्वालांचंही तसंच आहे.

५ डिसेंबर २००६ रोजी त्या वेळच्या मोजमापाप्रमाणे एक्स ९ दर्जाची ज्वाला झाली. दुसऱ्या दिवशी, ६ डिसेंबरला, सूर्यावरच्या त्याच भागातून एक्स ६.५ ची ज्वाला झाली. म्हणजे क्ष-किरणांच्या हिशेबाने दुसरी ज्वाला पहिलीपेक्षा लहान. पण या लहान ज्वालेने रेडिओ लहरींचा असा मारा केला की १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास दहा लाख सौर एककांची नोंद झाली. शांत सूर्य त्याच पट्ट्यात शंभर एककांच्याही आत असतो. जीपीएसचे दोन मुख्य सिग्नल १.२३ आणि १.५८ गिगाहर्ट्झला येतात, म्हणजे हा मारा नेमका त्यांच्या घरात शिरला. पृथ्वीच्या त्या वेळी दिवस असलेल्या बाजूला कितीतरी जीपीएस रिसीव्हर गोंधळले, काहींना उपग्रहच सापडेनात. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटली होती, म्हणून आपण सुटलो. आणखी एक गंमत म्हणजे क्ष-किरणांचं शिखर येऊन गेल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळाने रेडिओचा हा सर्वांत मोठा दणका आला.

दुसरं उदाहरण ४ नोव्हेंबर २०१५ चं. ज्वाला एम ३.७, म्हणजे एक्स ९ च्या जवळजवळ पंचविसावा भाग. पण तिच्या रेडिओ लहरींमुळे स्वीडनमध्ये विमानांवर लक्ष ठेवणाऱ्या रडारच्या पडद्यांवर नसलेली विमानं दिसायला लागली आणि तासभर तिथली हवाई वाहतूक थोपवावी लागली.

मग क्ष-किरणांची ग्रेड आणि रेडिओचा जोर यांचा काही संबंध आहे की नाही? संबंध आहे आणि तो जवळचा आहे. फक्त तो त्रैराशिकाचा नाही. हे कळण्यासाठी ज्वालेच्या आत डोकवायला हवं.

एक इलेक्ट्रॉन, तीन नोकऱ्या

सूर्याच्या पृष्ठभागावर चुंबकीय रेषांच्या कमानी उभ्या असतात. आपल्या किल्ल्याच्या दरवाज्याची कमान डोळ्यांसमोर आणा, फक्त उंची हजारो किलोमीटर. कमानीच्या डोक्यावर चुंबकीय रेषा तुटतात-जुळतात आणि तिथले इलेक्ट्रॉन एकदम वेग पकडतात. ३० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने पळतो. आता या इलेक्ट्रॉनपुढे तीन वाटा असतात.

पहिली वाट खाली. कमानीच्या पायाशी वर्णमंडलाचा दाट वायू असतो. इलेक्ट्रॉन त्यावर जाऊन आदळतात, त्यांना ब्रेक लागतो आणि त्या ब्रेकमधून कठीण क्ष-किरण बाहेर पडतात. कठीण म्हणजे जास्त ऊर्जेचे. हॉस्पिटलमधलं एक्स-रे मशीन अगदी याच तत्त्वावर चालतं. तिथे काही दहा हजार व्होल्टने पळवलेले इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात, इथे वर्णमंडलावर. म्हणून सौरज्वाला म्हणजे काच नसलेली एक प्रचंड एक्स-रे ट्यूब म्हणायला हरकत नाही. मात्र ही ट्यूब फार उधळी आहे. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा लाखातला जेमतेम एक भाग कठीण क्ष-किरणांत जातो, बाकी सगळी वायू तापवण्यात खर्च होते.

दुसरी वाट कमानीतच. चुंबकीय रेषेभोवती इलेक्ट्रॉन स्प्रिंगसारखा गोल गोल फिरत जातो. फिरणारा इलेक्ट्रॉन लहरी सोडतो हे आपण फिजिक्समध्ये शिकलोच आहोत. या लहरी काही गिगाहर्ट्झच्या असतात, म्हणजे मायक्रोवेव्ह. हॉस्टेलच्या वायफायचे शेजारीच. क्ष-किरण आणि मायक्रोवेव्ह यांचे आलेख एकाखाली एक ठेवले की दोघांची टोकं बहुतेक वेळा काही सेकंदांच्या अंतराने जुळतात. दोन्ही किरणं प्रकाशाच्याच वेगाने, ८ मिनिटं २० सेकंदांत आपल्यापर्यंत येतात. त्यामुळे पृथ्वीवर जी वेळ जुळते ती सूर्यावरही जुळलेली असते.

तिसरी वाट वर, बाहेर. काही चुंबकीय रेषा कमानीत परत न येता अवकाशात मोकळ्या जातात. त्यांच्यावरून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत किरीटातल्या, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणातल्या, प्लाझ्माला हेलकावे देत जातो. हे हेलकावे कोणत्या वारंवारतेचे, त्याचं सूत्र दोन मार्कांना विचारण्याइतकं सोपं आहे: एका घन सेंटिमीटरमध्ये जितके इलेक्ट्रॉन असतील त्या संख्येचं वर्गमूळ काढा, ९ ने गुणा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये. दहा कोटी इलेक्ट्रॉन असतील तर उत्तर ९० मेगाहर्ट्झ. म्हणजे सरळ आपला एफएमचा पट्टा! एक हजार कोटी असतील तर ९०० मेगाहर्ट्झ, मोबाइलचा पट्टा.

झोत जसजसा वर जातो तसा प्लाझ्मा विरळ होतो आणि वारंवारता घसरते. रेडिओवाल्यांना पडद्यावर वरून खाली घसरणारी एक तिरपी रेघ दिसते. तिला 'टाइप थ्री' म्हणतात. रेघ किती तिरपी यावरून झोताचा वेग काढता येतो. काही वेळा झोत मोठ्या कमानीवरून वर चढून दुसऱ्या बाजूने खाली उतरतो, मग वारंवारता आधी घसरते आणि परत वाढते. हा यू आकाराचा रेडिओ स्फोट १९५८ साली ॲलन मॅक्सवेल आणि गोविंद स्वरूप यांनी अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिस इथल्या निरीक्षणांवरून जगापुढे मांडला. स्वरूप हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते आपल्या शेजारच्या गावात येणार आहेत.

तेव्हा नातं असं: क्ष-किरण आणि रेडिओ हे एकाच आईची मुलं, आणि ती आई म्हणजे वेग घेतलेले इलेक्ट्रॉन. पण एक मूल खाली कामाला लागलं, एक मधे, एक घर सोडून बाहेरगावी गेलं. बाहेर जायला मोकळी रेषाच नसेल तर इलेक्ट्रॉन आत कोंडतात आणि क्ष-किरण भरपूर असूनही टाइप थ्री मिळत नाही. चुंबकीय क्षेत्र जोरदार असेल तर तेवढेच इलेक्ट्रॉन जास्त मायक्रोवेव्ह देतात. म्हणून एकाचे मार्क बघून दुसऱ्याचे सांगता येत नाहीत.

टाकी आणि टँकर

अजून एक गोष्ट राहिली. उपग्रह ज्या क्ष-किरणांवरून ग्रेड देतात ते कठीण क्ष-किरण नव्हेत, ते कमी ऊर्जेचे, मृदू क्ष-किरण. ते कुठून येतात? वर्णमंडलावर इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की तिथला वायू एक ते तीन कोटी अंशांपर्यंत तापतो, उसळून वर येतो आणि कमान भरून टाकतो. ही तापलेली कमान मृदू क्ष-किरणांत लखलखते.

इथे हॉस्टेलवासीयांना समजेल असं उदाहरण म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. टँकर आला, पाइप लावला, पाणी धो धो सुरू झालं. पाइपमधून दर सेकंदाला किती पाणी येतंय, तो झाला कठीण क्ष-किरणांचा किंवा मायक्रोवेव्हचा आलेख. टाकीतली पातळी म्हणजे मृदू क्ष-किरणांचा आलेख. पाइप जोरात असतो तेव्हा पातळी भराभर चढते. पाइप बंद झाला त्या क्षणी पातळी सर्वांत वर असते. आणि मग सगळे आंघोळीला धावले की ती हळूहळू उतरत जाते, तसा वायू थंड होत जातो. गणिताच्या भाषेत एक आलेख दुसऱ्याचं इंटिग्रेशन आहे. फर्स्ट इयरला 'याचा उपयोग काय?' म्हणून ज्याला नावं ठेवली, ते इंटिग्रेशन सूर्यावर रोजच्या रोज चालू असतं. वर्नर न्यूपर्ट यांनी १९६८ साली मायक्रोवेव्ह आणि मृदू क्ष-किरण यांच्यात हा संबंध दाखवला, म्हणून त्याला न्यूपर्ट परिणाम म्हणतात. सगळ्याच ज्वाला हा नियम तंतोतंत पाळतात असं नाही, पण बऱ्याच पाळतात.

आता ग्रेडचा अर्थ नीट कळतो. ग्रेड सांगते की टाकी किती भरली. पाणी एका झटक्यात आलं की संथ धारेने, हे ती सांगत नाही. ते कळायला रेडिओ किंवा कठीण क्ष-किरण हवेत.

लेझीम बसली की

पण २००६ च्या रेडिओ माऱ्याचा उलगडा एवढ्याने होत नाही. त्यासाठी गणपतीतलं लेझीम पथक आठवा. शंभर मुलं आपापल्या मर्जीने लेझीम वाजवत असतील तर नुसता कलकलाट होतो. तीच शंभर मुलं एका ठेक्यावर आली की आवाज गल्ली हादरवतो. सिग्नल्सच्या भाषेत, फेज जुळली नाही तर शक्ती संख्येच्या प्रमाणात वाढते, जुळली तर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात.

क्ष-किरण देताना प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा असतो, त्याची शेजाऱ्याशी फेज जुळत नाही. रेडिओ लहरींच्या बाबतीत मात्र विशिष्ट परिस्थितीत इलेक्ट्रॉन ठेका धरतात. टाइप थ्री हा याच जातीचा. २००६ चा तो दणकाही असाच ठेक्यातला होता असं शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला. म्हणून इलेक्ट्रॉन थोडे असले तरी रेडिओ प्रचंड असू शकतो, आणि क्ष-किरण ओसरल्यावरही येऊ शकतो. शिवाय जीपीएसचा सिग्नल २०,२०० किलोमीटरवरून येता येता इतका क्षीण होतो की सूर्याला त्याच्यावर मात करायला फार ताकद लागत नाही. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याच्या बोटींवर आज जीपीएस असतो. समुद्रात रोवलेल्या जाळ्यापर्यंत परत नेमकं पोहोचायला त्याचा उपयोग होतो. असा मारा भर दुपारी आपल्या बाजूला झाला, तर तांडेलाला 'आज सूर्याची ग्रेड फक्त एम होती' हे सांगून काय उपयोग?

एकामुळे गप्प, दुसऱ्यामुळे गोंगाट

पृथ्वीवरच्या रेडिओला ज्वालेचे दोन निरनिराळे त्रास होतात, आणि बातम्यांमध्ये ते हमखास एकत्र कालवले जातात.

पहिला त्रास शांततेचा. क्ष-किरण आपल्या वातावरणाच्या वरच्या थरांत अडतात (म्हणून आपण सुरक्षित आहोत), पण अडताना ६० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या डी-थरात भरपूर इलेक्ट्रॉन मोकळे करतात. हा थर मग शॉर्टवेव्ह गिळून टाकतो. समुद्रावरून जाणारी विमानं, हॅम रेडिओवाले यांचे सेट काही मिनिटं ते तासभर गप्प होतात. हा परिणाम क्ष-किरणांच्या ग्रेडप्रमाणेच वाढतो, इथे ग्रेड उपयोगी पडते.

दुसरा त्रास गोंगाटाचा. सूर्याच्या स्वतःच्या रेडिओ लहरी थेट अँटेनात शिरतात. फेब्रुवारी १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, ब्रिटनच्या किनाऱ्यावरची रडारं अचानक आंधळी झाली. सगळ्यांना वाटलं जर्मनांची करामत. जेम्स हे नावाच्या शास्त्रज्ञाने नोंदी तपासल्या तर सगळ्या रडारची तक्रार एकाच दिशेबद्दल होती, सूर्याच्या दिशेबद्दल. सूर्यावर तेव्हा एक मोठा डाग होता. सूर्याच्या रेडिओ स्फोटांचा शोध लागला तो असा, शत्रू समजून!

क्ष-किरणांना मात्र वाट बघावी लागली. ते जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे १९४० च्या दशकाच्या अखेरीस रॉकेटं वर गेली तेव्हा सूर्याचे क्ष-किरण सापडले. २० मार्च १९५८ रोजी क्युबाहून सोडलेल्या बलूनवर पीटरसन आणि विंकलर यांच्या उपकरणाला अचानक जास्त ऊर्जेच्या किरणांचा एक छोटा झटका मिळाला. त्याच वेळी सूर्यावर ज्वाला होती आणि रेडिओ स्फोटही नोंदला गेला. दोन्ही भावंडं पहिल्यांदा एका फोटोत आली ती तेव्हा.

वसई-दिवा गाडी पकडून कल्याण

हे सगळं अमेरिका-इंग्लंडचं झालं. आपल्याकडे काय? वसई रोडहून दिव्याची गाडी पकडा आणि दिव्याला लोकल बदलून कल्याणला उतरा. १९६५ साली याच कल्याणजवळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सूर्यासाठी रेडिओ दुर्बीण उभारली होती. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात म्हणजे खोडदची जीएमआरटी असं मला वाटायचं. पण तिच्याआधी उटी आणि उटीच्याही आधी कल्याण!

गोष्ट अशी. गोविंद स्वरूप पन्नाशीच्या दशकात ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथे शिकायला गेले होते. तिथे सूर्य बघण्यासाठी सहा फूट व्यासाच्या ३२ डिश होत्या. त्यांचं तिथलं काम संपत आलं होतं. स्वरूपांनी त्या भारतासाठी मागितल्या आणि मिळाल्याही. डिश दिल्लीला राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आल्या आणि काही वर्षं पडून राहिल्या. १९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीयांनी, स्वरूप, टी. कृष्णन, मुकुल कुंडू आणि टी. के. मेनन यांनी, आपल्याला मायदेशी रेडिओ खगोलशास्त्राचं काम सुरू करायचं आहे असं पत्र पाठवलं. होमी भाभांनी होकार दिला. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईला आले आणि त्या डिशना शेवटी कल्याणची माती लागली: २४ पूर्व-पश्चिम ६३० मीटरच्या ओळीत, ८ दक्षिण-उत्तर २५६ मीटरच्या ओळीत.

वारंवारता होती ६१० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ४९ सेंटिमीटर. तरंगलांबीला ६३० मीटरने भागा, साधारण पावणेतीन कला येतात. सूर्याचा व्यास ३२ कला, म्हणजे सूर्याचे दहा-बारा काप करून बघता येत होते. त्यातून शांत सूर्याच्या किरीटाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याचं मोजलं गेलं. या कामात विजय कपाहींसारखे तरुण होते, जे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. तेव्हा त्यांचं वय आपल्यापेक्षा एक-दोन वर्षांनीच जास्त होतं.

आणि त्या चौघांतले मुकुल कुंडू? आपल्या विषयातले मोठे अधिकारी तेच. सेंटिमीटर लहरींचे रेडिओ स्फोट आणि ज्वालांतले क्ष-किरण यांचा उगम कसा जोडलेला आहे, यावर त्यांनी १९६१ सालीच निबंध लिहिला होता, जेव्हा क्ष-किरणांची निरीक्षणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. काही वर्षं ते टाटा संस्थेत होते, मग अमेरिकेत मेरीलँडला गेले. म्हणजे आपण आज जो प्रश्न विचारतोय, तो विचारणारा माणूस या परिसरात काम करून गेलेला आहे. आणि आपल्याला मात्र कल्याण माहीत आहे ते जंक्शन म्हणून!

आदित्य आणि आपली गच्ची

आज दुसरी बाजूही आपल्या हातात आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेलं आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत पोहोचलं. त्याच्यावर क्ष-किरणांची दोन उपकरणं आहेत: मृदू क्ष-किरणांसाठी 'सोलेक्स' आणि कठीण क्ष-किरणांसाठी 'हेलिओस'. टाकीची पातळी आणि पाइपचा जोर, दोन्ही एकाच यानावर. पण आदित्यवर रेडिओ दुर्बीण नाही. ते काम जमिनीवरून करावं लागतं: कर्नाटकात गौरीबिदनूरला, आणि अधूनमधून खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशवरून. त्या डिश अतिशय दूरच्या, मिणमिणत्या गोष्टींसाठी बांधलेल्या असल्यामुळे सूर्याकडे वळवताना सिग्नल ॲटेन्युएटरने मुद्दाम दाबावा लागतो. दोन्ही बाजूंची माहिती एकत्र ठेवल्याशिवाय ज्वालेची गोष्ट पुरी होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे मोठ्या लोकांचं झालं, हॉस्टेलवर काय करायचं? तर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, एक करता येईल. ४ नोव्हेंबर २००३ रोजी इतकी मोठी ज्वाला झाली की उपग्रहाचं क्ष-किरण मापक एक्स १७ च्या पुढे जाईना, काटा अडकलाच. मग न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी डी-थराखालून जाणाऱ्या अतिशय कमी वारंवारतेच्या रेडिओ सिग्नलमध्ये किती बदल झाला ते पाहिलं आणि ज्वाला एक्स ४५ च्या आसपास असल्याचा अंदाज काढला. क्ष-किरणांची मोजणी, तीही रेडिओने!

असं मापक गच्चीवर बनू शकतं. तामिळनाडूतून नौदलाचं विजयनारायणम केंद्र १८.२ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करतं. लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे भरपूर वेढे, एक छोटा ॲम्प्लिफायर आणि कॉम्प्युटरचं साउंड कार्ड एवढ्यात तो सिग्नल पकडता येतो. दिवसा ज्वाला झाली की त्याची ताकद काही मिनिटांत बदलते आणि मग हळूहळू पूर्ववत होते. दुसऱ्या बाजूला 'कॅलिस्टो' नावाचे रेडिओ स्पेक्ट्रोमीटर जगभर लावलेले आहेत, आपल्याकडे उटी आणि गौरीबिदनूरलाही. त्यांच्या पोटात टीव्हीचा साधा ट्यूनर असतो. त्यांच्या नोंदी सर्वांना फुकट मिळतात आणि आदित्यची माहितीही इस्रोने खुली केलेली आहे.

बी. ई. च्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी तीच ट्रॅफिक सिग्नलची कंट्रोल सिस्टिम करणाऱ्यांनी यंदा हा विचार करावा. एक दिवस निवडा, ज्यात एम किंवा एक्सची ज्वाला भारतातल्या दिवसा झाली. आपल्या गच्चीवरचा आलेख, सोलेक्सचा, हेलिओसचा आणि कॅलिस्टोचा, असे चार आलेख एकाखाली एक लावा. सोलेक्सच्या आलेखाचं डिफरन्सिएशन करून हेलिओसशी जुळतं का बघा. जुळलं तर न्यूपर्टचं बरोबर. नाही जुळलं तर आणखी मजा, कारण मग त्या ज्वालेत वेगळं काय घडलं ते आपल्यालाच शोधायचंय. फक्त गच्चीवर तार गुंडाळण्याआधी रेक्टर सरांची लेखी परवानगी घ्या, आणि टाकीच्या पाइपपासून जरा लांब बसा.